कानापुढचं छिद्र, पाळीवरची रेघ, पापणीवरचे ठिपके: अंगावरच्या बारीक खुणा आतलं काही सांगतात का?

ओली_पाटी

नमस्कार. मुलगी नऊ आठवड्यांची आहे. तिच्या डाव्या कानाच्या पुढे, कानाची वरची कड गालाला येऊन मिळते तिथेच, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी दाखवलं होतं. ‘बऱ्याच जणांना असतं, काळजी करू नका’ म्हणाले, आणि मी खरंच केली नाही.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एक बाई बाळाला बघायला आल्या. मांडीवर घेतल्या घेतल्या त्यांचं लक्ष कानाकडे गेलं. म्हणाल्या, ‘किडनी तपासलीत का? कानाला असं असलं की किडनीत काहीतरी असतं.’ तेव्हापासून माझी झोप गेली आहे. रात्री तिला पाजताना मोबाइलच्या उजेडात तिच्या अंगावर आणखी काय काय आहे ते शोधत बसते. डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं मुळाशी थोडी जोडलेली आहेत. पाठीच्या खालच्या बाजूला निळसर डाग आहे. काल तिचे तळहात उघडून रेघा मोजल्या.

डॉक्टर म्हणतात काही नाही, त्या बाई म्हणतात किडनी. दोन्ही एकदम कसं खरं असेल? अशा बारीक खुणांवरून शरीराच्या आतलं खरंच काही कळतं का? कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर कृपया लिहा.

दवबिंदू

ताई, आधी एक मोठा श्वास घ्या. मला दोन्ही कानांपुढे अशी छिद्रं आहेत. वय ४१. किडन्या ठणठणीत, कान तिखट.

त्रास झाला तो वेगळाच. कॉलेजात असताना उजव्या छिद्रातून कधीकधी पांढरट, वास येणारं काहीतरी यायचं आणि मी ते दाबून काढायचे. एकदा ते पिकलं, गाल डोळ्यापर्यंत सुजला आणि पू काढावा लागला. पुढे पुन्हा पुन्हा पिकायला लागल्यावर आतली सगळी नळी शस्त्रक्रियेने काढली. वरून छिद्र दिसतं, पण आत बारीक वेडीवाकडी नळी असते आणि तिचा तुकडा राहिला तर पुन्हा पिकतं, असं तेव्हा सर्जननी समजावलं होतं. डावं मात्र आहे तसं आहे, कधी काही त्रास नाही. तेव्हा बाळाचं ते छिद्र दाबू नका, त्यात काडी-कापूस घालू नका, तेल सोडू नका. बाकी डॉक्टर मंडळी सांगतीलच.

वाटाड्या

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तीस वर्षं नवजात बाळं तपासतोय. ओली_पाटी, तुमचे डॉक्टर आणि त्या बाई, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. त्या बाईंनी अर्धंच सांगितलं, एवढंच.

बाहेरचा कान एका तुकड्यात बनत नाही. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना कानाच्या जागी सहा छोटे उंचवटे येतात आणि ते एकमेकांत मिसळून कानाचा आकार तयार होतो. मिसळताना कुठे फट राहिली की ती जन्मानंतर छिद्र म्हणून दिसते. बहुतेक बाळांत गोष्ट इथेच संपते. एका सांध्यात राहिलेली फट, बस. काही लोकसमूहांत हे शंभरात एकापेक्षाही कमी जणांत दिसतं, आशिया-आफ्रिकेतल्या काही समूहांत त्याहून बरंच जास्त.

आता किडनी कुठून आली? कायमची किडनी घडायला सुरुवात होते तीही गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यातच. शिवाय काही जनुकं दोन्हीकडे काम करतात. त्यांतलं एक ईवायए-१. त्यात बिघाड असेल तर कान, ऐकणं, मान आणि किडनी या सगळ्यांत एकदम खुणा दिसू शकतात. त्याला ब्रँकियो-ओटो-रीनल सिंड्रोम म्हणतात. साधारण ४० हजारांत एकाला होतो. म्हणजे छिद्र असलेली बाळं पुष्कळ, आणि त्यांतली या आजाराची अगदी थोडी.

म्हणून नुसतं छिद्र आहे आणि बाकी सगळं ठीक आहे, तर आम्ही सरसकट किडनीची सोनोग्राफी सांगत नाही. ती सांगतो ती यांपैकी काही असेल तर: शरीरात दुसरा एखादा दोष किंवा चेहऱ्यामोहऱ्यात वेगळेपण, घराण्यात बहिरेपण किंवा कान-किडनीचे दोष, आईला गरोदरपणात मधुमेह. ऐकण्याची तपासणी मात्र प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी, छिद्र असो वा नसो. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा हिशेब आहे. तुमच्या मुलीची झाली आहे का?

पाठीवरचा निळसर डाग खुणांमध्ये धरू नका. त्वचेच्या खोल थरात राहिलेल्या रंगपेशींमुळे तो दिसतो, असंख्य बाळांना असतो आणि काही वर्षांत फिका होतो. बोटांमधली थोडी जोडलेली कातडीही पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. मोजे काढून घरातल्या सगळ्यांचे पाय बघा.

आणि एक विचारतो, नीट आठवून सांगा. दोन्ही घरांत कुणाला लहान वयापासून कमी ऐकू येतं का? कुणाच्या मानेवर, बाजूला, छिद्र किंवा जुना व्रण आहे का?

मोजपट्टी

धागा वाचतोय. मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यकातला नाही. ‘एका खुणेचं वजन किती’ हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण बहुतेक भीती इथेच तयार होते.

समजा एखादा आजार असलेल्या शंभरातल्या ४५ जणांत एक खूण दिसते. ऐकायला केवढं मोठं वाटतं. पण उलटं विचारा: ती खूण असलेल्या शंभर जणांत किती जणांना तो आजार आहे? तळहातावरची एकच आडवी रेघ घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या हातावर ती असते. पण ज्यांना काहीही नाही अशा लोकांतही शंभरात दोन-तीन जणांना, काही ठिकाणी त्याहून जास्त जणांना असते. डाउन सिंड्रोम साधारण सातशे-आठशे जन्मांत एकदा. म्हणजे तशी रेघ असलेल्या माणसांचा मोठा घोळका डोळ्यांपुढे आणला, तर त्यात डाउन असलेलं एखादंच सापडेल. ओली_पाटी, तुम्ही रात्री ज्या रेघा मोजल्या त्यांची ही गोष्ट आहे.

वाटाड्या

अगदी बरोबर. याच्या पुढची पायरी अशी की एका खुणेला वजन नसतं, पण खुणा जमल्या की वजन येतं. १९६४ मध्ये सुमारे ४,४०० नवजात बाळांचा एक अभ्यास छापून आला. त्यात एकेक किरकोळ वेगळेपण मोजलं होतं: कान, बोटं, रेघा, डोळ्यांतलं अंतर. तीन किंवा त्याहून जास्त वेगळेपणं असलेली बाळं फार थोडी होती, पण त्यांच्यातल्या ९० टक्क्यांत हृदय, किडनी किंवा दुसरीकडे मोठा दोष सापडला. पुढे १९८७ मध्ये जवळजवळ तेवढ्याच बाळांचा दुसरा अभ्यास आला, त्यात हाच आकडा २० टक्क्यांच्या आसपास निघाला. दोन्हीत मोठा फरक आहे, तरी नियम तोच राहतो. एक खूण दिसली की आम्ही दुसरी शोधतो, तीन दिसल्या की आत बघतो.

मोजपट्टी

९० आणि २० मधल्या फरकाचं एक कारण माझ्या लक्षात येतं. तीन खुणा असलेली बाळं इतकी थोडी असतील तर चार-पाच बाळं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी उडी मारते. शिवाय ‘किरकोळ’ कशाला म्हणायचं हे मोजणाऱ्यावरही अवलंबून असतं.

जुनी_वही

माझा प्रश्न बाळांचा नाही, मोठ्यांचा आहे. बाबांच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर तिरपी रेघ आहे. कानाच्या भोकापासून निघून पाळीच्या मागच्या कडेपर्यंत, जणू उशीची घडी पडावी तशी. मी लहानपणी तिच्यावर बोट फिरवायचे. बाबा ६३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले. अतिदक्षता विभागात एका तरुण डॉक्टरांनी त्यांचं डोकं जरा वळवून पाळी पाहिली आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांना दाखवली. मी बाजूलाच उभी होते.

नंतर मी जिथे मिळेल तिथे वाचलं. सँडर्स फ्रँक या अमेरिकी डॉक्टरांनी १९७३ मध्ये २० रुग्णांवरून हे पहिल्यांदा नोंदवलं, म्हणून त्या रेघेला फ्रँकची खूण म्हणतात. रोमन सम्राट हेड्रियनच्या संगमरवरी पुतळ्यांच्या कानांवरही ती कोरलेली आहे, आणि तो इसवी सन १३८ मध्ये दम लागून, अंगावर सूज येऊन गेला, म्हणून त्यालाही हृदयविकार असावा असा तर्क काही डॉक्टरांनी केला आहे. शिल्पकाराने मनात काहीही न धरता, जे दिसलं ते दगडात उतरवलं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आता माझ्या भावाच्या पाळीवर तीच रेघ उमटतेय. तो ४६ वर्षांचा आहे. त्याला सांगू का? तो घाबरट आहे.

मोजपट्टी

सांगा, पण रेघ म्हणून नको. वय वाढतं तशी पाळीची कातडी सैल होते, रेघ वाढते, आणि वय वाढतं तसा हृदयविकारही वाढतो. दोन्ही एकत्र चालत आले म्हणून एकाने दुसऱ्याला आणलं असं होत नाही. वयाचा परिणाम वजा केल्यावरही काही अभ्यासांत थोडा संबंध उरतो, काहींत उरत नाही.

तुमच्या भावाची खरी खूण त्याच्या कानावर नाही. त्याच्या वडिलांना झटका आला, ही आहे. रक्तदाब, साखर आणि चरबी थेट मोजता येतात. जे थेट मोजता येतं त्यासाठी सावली कशाला बघायची?

चष्मेवाली

मोजपट्टी, सहसा सहमत होते, पण इथे नाही. कधीकधी सावली दिसली नाही तर माणूस मोजायलाच जात नाही. माझंच सांगते.

माझ्या दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर सपाट ठिपके आले. तेव्हा मी ३६ वर्षांची होते. दोन वर्षं ते मेकअपने झाकले. चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावरून मान वर करून विचारलं, ‘कोलेस्टेरॉल कधी तपासलंय?’ कधीच नाही. तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, २४८. मग त्यांनी पायाच्या घोट्यामागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, दोन बोटांत धरून पाहिली. ती जाड होती. त्या क्षणी मला बाबा आठवले. त्यांच्या घोट्यामागे दोन्हीकडे कडक उंचवटे होते, बूट नेहमी तिथेच घासायचा आणि आई प्रत्येक नव्या जोडीत आतून कापूस चिकटवून द्यायची. बाबा ४४ व्या वर्षी गेले. आम्ही सगळे ‘टाच घासते’ म्हणत राहिलो. ते कोलेस्टेरॉल साचलेलं होतं.

याला घराण्यातून येणारं उच्च कोलेस्टेरॉल म्हणतात, साधारण अडीचशे जणांत एकाला असतं आणि प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्यालाही आहे. त्याच्या अंगावर अजून एकही ठिपका नाही. माझ्या पापण्या बघितल्या गेल्या म्हणून त्याचं रक्त तपासलं.

कोपनहेगनमध्ये १९७६ पासून १२,७४५ लोकांवर तीस वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. २०११ मध्ये निष्कर्ष छापले: पापण्यांवर असे ठिपके असलेल्यांना झटक्याचा धोका जास्त, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल हिशेबात घेतल्यावरही जास्त. डोळ्याच्या काळ्या भागाभोवती दिसणाऱ्या राखाडी कड्याचा मात्र तसा संबंध आढळला नाही. हे ठिपके असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल साधारणच असतं, हेही खरं. तरी एकदा रक्त द्यायला काय हरकत आहे?

मोजपट्टी

चष्मेवाली, मान्य. मी वर घाईने लिहिलं. तुमच्या खुणेमागे कारण स्पष्ट आहे: जी चरबी धमन्यांत साचते तीच कातडीत आणि कंडरेत साचलेली दिसते. पाळीच्या रेघेत तेवढं सरळ काही नाही. ‘खूण त्याच वस्तूची आहे की नुसती शेजारी उभी आहे’ हा फरक मला करायला हवा होता.

शांत_पाणी

मी या विषयात खूप रात्री घालवल्या आहेत म्हणून लिहितो. नखांवरचे पांढरे ठिपके, नखांवरच्या उभ्या रेघा, जिभेवरच्या चिरा, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारातला जरासा फरक. प्रत्येक गोष्टीमागे एक आजार सापडतो. सहा महिने मी सकाळी उठल्या उठल्या नखं बघायचो. ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली बोटं ताणून बघायचो. कोणी मला एवढंच सांगावं की कशाकडे बघायचं आणि कशाकडे नाही.

वाटाड्या

शांत_पाणी, तुमचा त्रास मी समजू शकतो, रोज असे लोक भेटतात.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे नसतात. नखाच्या मुळाशी बारीक मार लागलेला असतो. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ठिपका दिसतो तेव्हा मार कधीच विसरलेला असतो. उभ्या रेघा वयाच्या. जिभेच्या चिरा बहुतेक जन्माच्या. बाहुल्यांत किंचित फरक पाचातल्या एका निरोगी माणसात सापडतो. तो अचानक आला, बरोबर डोकं दुखतंय किंवा पापणी खाली आली आहे, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

या सगळ्यातून मी स्वतः एकच गोष्ट धरून चालतो: खूण जुनी की नवी? जुने फोटो काढून बघा. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोत जे तसंच आहे ते बहुतेक तुमचं रूप आहे. जे नवीन आलं, वाढतंय, रंग किंवा कड बदलतंय, ते दाखवायचं. तिळालाही हाच नियम लावा. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळपट जाड कातडी नव्याने आली, तर ती घासून धुवायची गोष्ट नाही, साखर तपासायची आहे. शरीर इन्शुलिनला दाद देत नसेल तर ती तशी होते. किती मुलींना ‘मान नीट धूत नाहीस’ म्हणून घरात बोलणी खावी लागतात, मला फार वाईट वाटतं.

बोटांचं एक मात्र करून बघण्यासारखं आहे. दोन्ही हातांची एकसारखी बोटं नखाला नख लावून जुळवा. नखांच्या मुळाशी बारीक शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर फुप्फुस किंवा हृदय तपासायला हवं. ही चाचणी दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये लिहिली. त्यांना स्वतःला हृदयाच्या झडपांचा संसर्ग झाला होता, आणि तो बळावताना व उतरताना त्यांनी आपल्याच बोटांतली ती फट बुजताना आणि पुन्हा दिसताना पाहिली. तुम्ही एकदा बघा, फट दिसली की विषय बंद करा. रोज बघायचं नाही.

शांत_पाणी

दिसली. धन्यवाद डॉक्टर.

काजळरेघ

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण ‘काळजी करू नका’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आलं म्हणून लिहिते आहे. एका खुणेच्या बाबतीत कृपया थांबू नका.

मुलगा चौदा महिन्यांचा होता. संध्याकाळी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत त्याचा एक डोळा नेहमीसारखा लाल आला आणि दुसऱ्याची बाहुली पांढरट-पिवळी, मांजराच्या डोळ्यासारखी. मला वाटलं फोटो बिघडला. मग जुने फोटो चाळले. तीन महिन्यांपूर्वीच्या दोन फोटोंत तेच होतं, आणि त्यातला एक तर मी सगळ्यांना पाठवला होता. पहिल्या ठिकाणी आम्हाला सांगितलं की कॅमेऱ्याचा कोन असेल, वर्षाने या. नवऱ्याचं मन मानेना. आठ दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करून बघितलं आणि डोळ्याच्या पडद्यावर गाठ निघाली. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग. तो डोळा काढावा लागला. दुसरा शाबूत आहे. आज तो चौथीत आहे, फुटबॉल खेळतो, सगळ्यात जोरात ओरडतो.

कोनामुळेही असा पांढरा उजेड येऊ शकतो, मोतीबिंदूमुळेही येऊ शकतो, हे मला आता माहीत आहे. पण ते कोणी ठरवायचं? डोळ्यांच्या डॉक्टरांनी, बाहुली मोठी करून, त्याच आठवड्यात.

वाटाड्या

काजळरेघ, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. याला मी एकही शब्द जोडत नाही. हा आजार बहुतेक पाचव्या वर्षाच्या आत दिसतो आणि लवकर सापडला तर जीव तर वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो. एका फोटोत दिसलं तरी पुरे, दुसऱ्याची वाट बघू नये.

मधली_बाक

डॉक्टर, माझ्या पुतणीला कमरेखाली, अगदी माकडहाडाजवळ, खळी आहे. मणक्याचं काही असू शकतं का? दोन महिन्यांची आहे.

वाटाड्या

खळी मधोमध आहे, रुंदी पाच मिलिमीटरच्या आत आहे, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत आहे आणि तळ दिसतो, तर काही करायचं नाही. त्याहून वर असेल, खोल असेल, तिथे केसांचा झुपका, लाल डाग किंवा गाठ असेल, पाणी झिरपत असेल, तर मणक्याची सोनोग्राफी. ती पहिल्या तीन-चार महिन्यांतच नीट होते, नंतर मणक्यांची हाडं घट्ट होतात आणि एमआरआय लागतो. म्हणून पट्टी घेऊन आजच मोजा.

उंबरठा

माझा भाऊ सोळाव्या वर्षी सहा फूट तीन इंच होता. हात गुडघ्यांपर्यंत, बोटं लांबसडक. मुठीत अंगठा धरला की नख पलीकडून बाहेर यायचं. दुसऱ्या हाताच्या मनगटाला करंगळी आणि अंगठ्याचा विळखा घातला की दोन्ही एकमेकांवर चढायचे. शाळेत ही त्याची जादू होती. छातीचं हाड आत गेलेलं, चष्मा जाड. यातली एकेक गोष्ट घरातल्या कुणा ना कुणात होतीच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. खेळाचे सर तर त्याची उंची बघून खूश होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याचं भिंग जागेवरून सरकलेलं दिसलं आणि त्यांनी चष्म्याच्या चिठ्ठीबरोबर इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी दिली. मार्फान सिंड्रोम, शरीर सांधून ठेवणारे धागे जन्मतः कमकुवत असण्याचा आजार. महाधमनी हृदयातून निघते तिथेच फुगलेली होती. औषधं सुरू झाली, खेळ बंद झाला, बावीसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली.

फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेली, १९८६ च्या जानेवारीत जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसली असता कोसळली आणि गेली. ३१ वर्षांची होती. महाधमनी फाटली होती. मार्फान असल्याचं शवविच्छेदनात कळलं. त्यानंतर तिच्या भावाला तपासलं, त्यालाही निघालं आणि त्याची शस्त्रक्रिया झाली. माझ्या भावाचं नशीब की त्याला चष्मा होता.

नुसती लांब बोटं म्हणजे मार्फान नव्हे, लवचीक सांध्यांच्या कितीतरी लोकांना अंगठ्याची ती जादू जमते. पण उंची, छाती, डोळे आणि बोटं एकाच मुलात एकत्र आली, तर एक इको करून घ्या.

ओली_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस इथे आले नाही, कारण वाटाड्यांचा प्रश्न वाचला आणि हातातला फोन खाली ठेवला.

माझे सासरे. वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून कानाला यंत्र लावतात. घरात सगळे म्हणतात लहानपणी ताप आला होता, त्यात कान गेले. आणि त्यांच्या मानेवर उजवीकडे, कॉलरच्या आत जाणारा, बोटाच्या पेराएवढा व्रण आहे. विचारलं तर म्हणाले, ‘लहानपणी तिथून पाणी यायचं, कापून शिवलं.’ मग मी त्यांच्या कानाजवळ गेले. यंत्राच्या तारेमागे, दोन्हीकडे, तेच छिद्र. चार वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवते आहे. नवऱ्याला छिद्र नाही, पण डाव्या कानाने फोनवर कमी ऐकू येतं हे त्याने आत्ता, पहिल्यांदा, कबूल केलं.

वाटाड्या

आता चित्र बदललं. घाबरू नका, पण थांबूही नका. बाळाची ऐकण्याची सविस्तर तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी या आठवड्यात करून घ्या. सासऱ्यांची आणि नवऱ्याचीही सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी नीट काम करते का ते त्यावरून कळतं. जनुकांच्या सल्लागारांची वेळ मागून ठेवा. हा बिघाड एकाच घरात एकाला नुसतं छिद्र, दुसऱ्याला बहिरेपण, तिसऱ्याला किडनीचा दोष अशा वेगवेगळ्या रूपांत येतो, म्हणून कुणाला काही दिसत नाही म्हणून त्याला वगळू नका.

दवबिंदू

ताई, मी वर पटकन ‘माझं सगळं ठीक आहे’ म्हणून लिहिलं. चुकलं माझं. तुमच्या घरातलं विचारायला हवं होतं. बाळासाठी खूप शुभेच्छा, नक्की कळवा.

ओली_पाटी

दवबिंदू, तुमच्या उत्तराने मला त्या रात्री झोप लागली होती, त्यामुळे चुकलं म्हणू नका.

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बाळाच्या दोन्ही किडन्या व्यवस्थित आहेत. डाव्या कानात ऐकणं कमी आहे, मध्यम स्वरूपाचं, उजवा कान चांगला. यंत्रासाठी कानाचा साचा घेतला आहे, चौथा महिना पूर्ण व्हायच्या आत बसेल. साचा घेताना ती झोपलेलीच होती. नवऱ्याला डावीकडे यंत्राची गरज आहे, किडन्या ठीक.

सासऱ्यांची एक किडनी जन्मापासून लहान आहे आणि क्रिएटिनिन वाढलेलं आहे. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केल्या, रक्तदाबाचं औषध बदललं. ते ६१ वर्षांचे आहेत आणि आपल्याला किडनीचं काही आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. अहवाल हातात घेऊन बराच वेळ बसले. मग उठून पाळण्याजवळ गेले आणि तिच्या कानापुढच्या त्या ठिपक्यावर हलकेच बोट ठेवलं.

वाटाड्या काका, एक शेवटचा प्रश्न. तिच्या किडन्या आज ठीक आहेत, तर पुन्हा कधी बघायचं?

वाटाड्या

जनुकांचा अहवाल येऊ दे, तो नक्की सांगेल. तोपर्यंत दर भेटीत वजन, उंची आणि रक्तदाब, वर्षातून एकदा लघवी आणि क्रिएटिनिन. उजव्या कानाची तपासणी दर सहा महिन्यांनी, आज चांगला आहे म्हणून सोडू नका. या आजारात ऐकणं पुढे कमी होत जाऊ शकतं. छिद्र बाहेरून साध्या पाण्याने पुसा, दाबू नका. यंत्राचा साचा कान वाढतो तसा पहिल्या वर्षात बऱ्याचदा बदलावा लागेल. सैल झाला की यंत्रातून शिट्टी ऐकू येते. शिट्टी आली की लगेच नवीन साचा घ्या.